खडकेवाडीतील बायकांचा खेळ

दोरी ओढून ओढून माझ्या उजव्या तळहातास फोड आले होते, तरीही चित्रपटाच्या यंत्रास वीज देणारे ते इंजिन एक ठसका देऊन पुन्हा निपचित पडत होते. सोसायटीच्या शेंगांच्या गोदामाबाहेर गावातील दीडेकशे स्त्रिया माघाच्या उन्हात ताटकळत उभ्या होत्या. त्यांच्यापैकी अग्रभागी असलेल्या एका धिप्पाड वृद्धेने, जिला सर्वजणी गोदाकाकू म्हणत असत, मला विचारले,

"आवं मशीनवाले, शिनेमा आजच हाय न्हवं? का पुढच्या पुनवंला?"

"आजच आहे. थोडा धीर धरावा," मी म्हणालो.

"धीर आम्ही धरतो. पर आमच्या म्हशी सांजच्याला पान्हवत्यात. त्यास्नी काय सांगू, इंजिन रुसलंय म्हणून?"

हास्याची एक लाट उसळली. मी लज्जित होऊन पुन्हा दोरीस हात घालणार, इतक्यात कोणीतरी मला कोपराने बाजूस सारले. खाकी विजार आणि बाह्या दुमडलेला सदरा घातलेला, पस्तिशीच्या आतबाहेरचा एक उंच मनुष्य इंजिनापुढे उकिडवा बसला. त्याने प्लग काढला, खिशातील पात्याने खरवडला, सदऱ्यास पुसला, तेलाच्या नळीत तोंडाने फुंकर मारली आणि सारे जिथल्या तिथे बसवून दोरीस एकच हिसका दिला. इंजिन धडधडू लागले. स्त्रियांनी टाळ्या वाजवल्या. तो मनुष्य माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"कार्बन धरला हुता."

त्यानंतर पुढील दोन तास त्याने तोंडातून अवाक्षर काढले नाही.

ही हकिकत १९७४ सालची आहे. त्याकाळी मी सैनिक कल्याणाचे कार्य करणाऱ्या एका संस्थेच्या वतीने सातारा जिल्ह्यातील फौजी गावांतून चित्रपट दाखवीत हिंडत असे. प्रत्येक गावी दोन खेळ होत: सायंकाळी पुरुषांचा आणि दुपारी, चुली पेटण्यापूर्वी, खास बायकांचा. बायकांच्या खेळास पुरुषांनी आत पाऊल ठेवायचे नाही असा रिवाज असल्यामुळे माझे यंत्र शेजारच्या, शेंगा तोलण्याच्या काटाघरात मांडलेले असे. मधल्या भिंतीस असलेल्या लहानशा खिडकीतून प्रकाशाचा झोत गोदामातील पडद्यावर जाई. गोदामाच्या खिडक्यांना गावकऱ्यांनी घोंगडी टांगून अंधार केला होता.

"आता चालेल तुमचं इंजिन," माझ्याजवळ येत सुभेदार मोहिते म्हणाले. हे गावचे निवृत्त सुभेदार आणि या कार्यक्रमाचे यजमान होते. "हा सर्जेराव निकम. पलटणीत नायक होता, गाड्या दुरुस्तीच्या कामावर. एकाहत्तरच्या लढाईत पुढं होता. नोकरी पुरी करून घरी आला, त्याला चौदा महिने झाले."

"फार गुणी मनुष्य दिसतात."

"गुणी आहे, पण बोलत नाही. आईशी नाही, भावांशी नाही, बायकोशीही नाही. शेतातल्या छपरात झोपतो. मळ्यातलं इंजिन असो नाहीतर चक्कीतलं, ते चालू झालं की हा त्याच्यापाशी जाऊन बसतो. त्या आवाजात कोणी काही विचारत नाही ना." सुभेदारांनी आवाज खाली आणला. "उद्या सकाळच्या एस.टी.नं याची बायको माहेरी चालली. कायमची. मेहुणा काल येऊन बसलाय. ट्रंकसुद्धा भरून झाली."

"कारण काय घडले?"

"मला कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो? तिला विचारलं तर म्हणते, त्यांनाच इचारा. त्याला विचारावं तर तो इंजिनाकडं बघतो. सात वर्षांनी पोर झालं हो त्यांना. सोन्यासारखी पोरगी आहे. आणि आता हे!"

मी सर्जेरावांकडे पाहिले. ते इंजिनाशेजारी एका पालथ्या पाटीवर बसून विडी ओढत होते.

"निकमसाहेब, खेळ संपेपर्यंत आपण येथे थांबाल काय?" मी विचारले.

त्यांनी मान हलवली.

आता त्या चित्रपटाविषयी सांगितले पाहिजे. तो परदेशी होता, कृष्णधवल होता, आणि त्यातील भाषेचा एक शब्द मला येत नव्हता. संस्थेने कथेचा मराठी गोषवारा दोन पानांवर लिहून दिला होता. त्यावरून मी ध्वनिक्षेपकापुढे बसून प्रेक्षकांस कथा समजावून सांगत असे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतच झालेले असले तरी ग्रंथालयातील पुष्कळ कादंबऱ्या वाचल्यामुळे मला निवेदन उत्तम साधते, असे लोक म्हणत. नायकाचे नाव मी विजय ठेवले होते आणि त्याच्या पत्नीचे सुमती.

दुर्दैवाने गोषवाऱ्याचे दुसरे पान आधीच्या एका मुक्कामात मजकडून हरवले होते. पहिल्या पानावर युद्ध होते. दुसऱ्यावर घर होते.

कारण या चित्रपटात युद्ध चार रिळांतच संपत असे. उरलेल्या पाच रिळांत विजय घरी परतलेला होता आणि पडद्यावर त्याचे घर होते, बाग होती, पत्नी होती, तीनेक वर्षांचे मूल होते. प्रथम मला ही मांडणी मुळीच रुचली नव्हती. लढाईच्या चित्रपटास मनुष्य लढाई पाहावयास येतो, असे माझे मत होते. परंतु पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला त्या चित्रपटाचा मोठेपणा जाणवू लागला. मऊ बिछाना सोडून विजय फरशीवर झोपतो. जेवताना पावाचा तुकडा कोणी पाहत नाही असे पाहून खिशात घालतो. स्वतःच्या घराच्या फाटकापाशी तो कितीतरी वेळ उभा राहतो आणि आत जात नाही. त्या काळात कोणीही नाचत नाही, गात नाही, मरत नाही, आणि तरीही डोळे पडद्यावरून हलत नाहीत. हे ज्याने निर्माण केले तो पुरुष थोर असला पाहिजे, असे मी मनात म्हणत असे.

हरवलेल्या पानाची उणीव मी कल्पनेने भरून काढली होती. सातव्या रिळात एक प्रसंग आहे. मूल अंगणात धावत येऊन बापासमोर दोन्ही हात वर करते आणि बाप एक पाऊल मागे सरतो, काहीतरी पुटपुटतो आणि तोंड फिरवतो. या कृतीचे कारण काय असावे? कादंबऱ्यांतून मी जे वाचले होते त्यावरून एकच कारण मला सुचले, आणि तेच मी आधीच्या तीन गावांतून सांगितले होते. तीनही गावी स्त्रियांच्या डोळ्यांस पदर लागले होते. मला त्या जागेचा अभिमान होता.

खेळ सुरू झाला.

युद्धाची रिळे खडकेवाडीच्या स्त्रियांनी शांतपणे पाहिली. घराघरातून कोणीतरी फौजेत असल्याने त्यांना तोफांचे अप्रूप नव्हते. परंतु विजय घराच्या दाराशी पोहोचला आणि त्याच्या आईने त्याला मिठी मारून आत नेले, तशी गोदामात एकच गलबल झाली.

"आगं, तसाच आत घेतला की मेलीनं!"

"भाकरीचा तुकडा ओवाळून टाक की त्याच्यावरनं!"

"पाण्याचा तांब्या तरी फिरीव!"

"म्हणून तर," गोदाकाकूंचा आवाज आला, "आता बघा त्याचं काय हुतंय ते."

मी हसू आवरून निवेदन चालू ठेवले. पाव खिशात घालण्याचा प्रसंग आला. आधीच्या गावी येथे हशा पिकत असे. खडकेवाडीत कोणीही हसले नाही. अंधारातून एक बारीक आवाज आला, "आमचं बी उशाला भाकरी घेऊन निजतंय." थोड्या वेळाने दुसरीकडून आला, "आमचं घराच्या कौलाकडं बघत बसतंय. म्हनलं काय बघताय, तर म्हणे काय न्हाई." "फटाकड्या वाजल्या की आमचं गोठ्यात जातंय," तिसरी म्हणाली. समुद्रापलीकडच्या कोण्या मनुष्याने घडवलेली ही कृती माणदेशाच्या कडेला शेंगांच्या गोदामात बसलेल्या स्त्रियांना आपल्या घरातील गोष्ट सांगत होती.

आणि सातवे रीळ लागले. मुलाने हात वर केले. विजय मागे सरला.

मी आवाजात योग्य तो कंप आणून म्हणालो, "भगिनींनो! हा पाहा, पिता आपल्या लेकरास उचलीत नाही! कारण त्याच्या अंतःकरणात संशयाचा विषारी सर्प शिरला आहे. हे मूल आपले नाही, असा या शिपायाचा समज झाला आहे!"

कोणाच्या डोळ्यास पदर लागल्याचे मला जाणवले नाही. मग कुजबुज सुरू झाली, ती वाढत गेली, आणि पुढच्या रांगेतून एका स्त्रीचा स्वर मला स्पष्ट ऐकू आला.

"ऐकलंस का, अंजिरा? शिनेमात बी तुझंच निघालं."

"थोरले, गप बस," कोणी वृद्धा म्हणाली.

"मी कशापायी गप बसू, मामी? रजेवरनं ते गेलं आन् आठव्या म्हयन्यात हिची पोर. आम्ही काय बोललो न्हाई. आता तर भोंग्यातनंच आलं."

प्रकाशाच्या झोतात एक स्त्री उठून उभी राहिली. तिच्या कडेवर मूल होते. त्या दोघींची सावली पडद्यावर पडली, परदेशी अंगणात, सुमतीच्या अगदी शेजारी. तेव्हा मला समजले की ही सर्जेराव निकमांची पत्नी होय, तिला टोचून बोलणारी तिची जाऊ होय, आणि मी आताच काय केले आहे.

काटाघराचे दार उघडले. भोंगा बाहेरही लावलेला होता, हे मी विसरलो होतो.

सर्जेरावांचे हात तेलाने काळे झालेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. खिडकीतून पडद्याकडे पाहिले. तेथे विजय अजून तोंड फिरवून उभा होता. त्यांनी ध्वनिक्षेपक माझ्यापुढून उचलला आणि जरा वेळ नुसताच हातात धरला. त्यांचा श्वास साऱ्या गोदामात ऐकू जात होता.

"खोटं हाय ते," ते म्हणाले.

गोदामातील कुजबुज बंद झाली. तो आवाज कोणाचा, हे बहुतेकींना ठाऊक नसावे, कारण चौदा महिन्यांत तो त्यांनी क्वचितच ऐकला होता. परंतु पुढच्या रांगेतील वृद्धेने, म्हणजे त्यांच्या आईने, "आगं बया," असे म्हटलेले मी ऐकले.

"ह्या विजयला संशय-बिंशय काय न्हाई," सर्जेराव म्हणाले. "मशीनवाल्यांस्नी ठावं न्हाई. मला ठावं हाय. ह्येच्या गाडीवर एक डायव्हर हुता. शिवलिंग. बेळगावकडचा. मोठा दांडगा गडी. एका हातानं जॅक उचलायचा."

पडद्यावर प्रसंग बदलला होता. सुमतीचे वडील कुंपणाची फळी ठोकत होते आणि एक कुत्रा त्यांच्याभोवती उड्या मारत होता. कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते.

"गाडीवर गोळा पडला. ह्यो धावत गेला. शिवलिंगाला भाईर काढाय दोनी हात त्येच्या काखंत घातलं. पोराला उचलत्यात तसं. आन् उचलला. तर हलका लागला. लई हलका. एवढा मोठा गडी... खाली बघाय नको हुतं. ह्येनं बघितलं."

मी ध्वनिक्षेपक परत घेण्यास हात पुढे केला, परंतु त्यांनी तो सोडला नाही.

"आता पोर हात वर करून येतंय. काखंत हात घालावं म्हणतो, आन् वाटतं... हलकं लागंल. म्हणून मागं सरतो. दुसरं काय न्हाई. पोर त्येचीच हाय. त्येला पक्कं ठावं हाय."

येथे एक गोष्ट नमूद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. पुढे वीस वर्षांनी हाच चित्रपट मी पुण्यात पुन्हा पाहिला, तेव्हा शेजारी बसलेल्या एका प्राध्यापकांना मी विचारले की, या ठिकाणी तो सैनिक मुलाला काय म्हणतो? ते म्हणाले, "काही विशेष नाही. 'थांब, माझे कपडे मळलेले आहेत,' एवढंच म्हणतो." त्याचे कपडे मुळीच मळलेले नव्हते. एवढे सारे एवढ्याशा वाक्यात लपवून ठेवणाऱ्या त्या अज्ञात कलावंतास मी पुण्याच्या त्या चित्रपटगृहात मनोमन नमस्कार केला. परंतु खडकेवाडीत मला यातील काहीही ठाऊक नव्हते, आणि सर्जेरावांनाही नव्हते.

अंजिराबाई अद्याप उभ्याच होत्या. त्या गावी वडीलधाऱ्यांसमक्ष पत्नीने पतीशी बोलणे हे मर्यादेस सोडून समजले जाई. येथे तर सासू होती, जावा होत्या, सारा गाव होता. अंजिराबाईंनी खिडकीकडे वळूनही पाहिले नाही. त्या पडद्याकडे तोंड करून बोलल्या, कुत्र्याकडे आणि कुंपणाकडे पाहत.

"त्या सुमतीनं इचारावं म्हणते मी," त्या म्हणाल्या, "मग चौदा म्हयनं तोंड का शिवलं हुतं?"

हा चौदा महिन्यांचा हिशेब माझ्या कथेत कोठेही नव्हता.

"विजयच्या घरात सोळा माणसं हायती," भोंग्यातून उत्तर आले. "कुठं बोलायचं? आन् कुणापुढं?"

"मग आम्हाला भाईर जा म्हणायचं की!" सर्जेरावांच्या आई उसळून म्हणाल्या. "आम्ही काय भिंतीला कान लावून बसलो असतो व्हय?"

"बसला असता की, वैनी," गोदाकाकू म्हणाल्या.

गोदामात असे हसू फुटले की घोंगडी हलली असावीत. त्या हसण्यात रडणेही मिसळलेले होते. अंजिराबाई मात्र हसल्या नाहीत.

"तिला वाटलं, त्यो पोर आपली न्हाई म्हणतोय," त्या म्हणाल्या. "जावा तसंच बोलत हुत्या. त्यो गप. तिनं म्हनलं, गप हाय म्हंजी त्येचं बी तेच मत."

सर्जेरावांनी ध्वनिक्षेपक खाली केला आणि प्रथमच माझ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावरील आश्चर्य मी आजन्म विसरणार नाही.

"असं म्हणत हुत्या?" त्यांनी मला विचारले, जणू मी त्यांच्या घरात राहत होतो. "हिला असं वाटत हुतं?"

"ते मला आत्ताच समजले, निकमसाहेब. माझ्या हातून घोर अपराध घडला."

"तुमचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मग ध्वनिक्षेपक तोंडाशी नेऊन, अत्यंत हळू, "त्येला ठावंच न्हवतं. कुणी सांगितलंच न्हाई त्येला."

"सांगाय त्यो घरात कुठं हुता?" अंजिराबाई म्हणाल्या.

रीळ संपत आले होते. माझे हात सवयीने पुढच्या डब्याकडे गेले, आणि मी ते मागे घेतले. पडदा पांढराशुभ्र झाला. त्यावर केवळ मायलेकींची सावली राहिली. कडेवरच्या मुलीने स्वतःची सावली पाहून हात हलवला.

"त्या सुमतीला कुणीतरी सांगा," अंजिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पूर्वीपेक्षा खाली आला होता, परंतु प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "म्हणावं, नवऱ्याला सांग, उचलाय येत न्हाई तर नका उचलू. कोण बळजबरी करतंय? खाली बसा. नुसतं खाली बसा. पोर आपली आपण चढंल."

एवढे बोलून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माणसांतून वाट काढत त्या मुलीला घेऊन बाहेर निघून गेल्या. त्यांनी क्षमा केली, की केवळ सुमतीस शहाणपण शिकवले, हे मला उमगले नाही. सर्जेरावांनाही उमगले नसावे. त्यांनी ध्वनिक्षेपक माझ्यापुढे ठेवला, विजारीस हात पुसले आणि ते इंजिनापाशी परत जाऊन बसले. मी उरलेली दोन रिळे दाखवली. त्यांत मी एकही शब्द उच्चारला नाही, आणि कोणीही मजकडे निवेदनाची मागणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चित्रपटाचे डबे घेऊन मी वडाखाली एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. अंजिराबाई मुलीला घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे थोरले बंधू होते, गणपतराव साळुंखे नावाचे, फेटा बांधलेले, रागीट मुद्रेचे गृहस्थ. हिरवी ट्रंक त्यांच्या खांद्यावर होती. म्हणजे जायचे ठरलेले होते.

गाडी आली. गणपतराव शिडीवरून ट्रंक घेऊन टपावर चढले, ती पक्की बांधली आणि खाली उतरले. तेवढ्यात शेताच्या वाटेने सर्जेराव येताना दिसले. त्यांची दाढी केलेली होती. अंगात इस्त्रीचा सदरा होता.

"पाव्हणं," गणपतराव पुढे होऊन म्हणाले, "आता बोलायचं काय ऱ्हायलं न्हाई. चौदा म्हयनं माझ्या भनीनं अपमान गिळला. आता आडवं येऊ नका."

सर्जेराव गाडीच्या पुढे गेले आणि रस्त्याच्या धुळीत, इस्त्रीच्या कपड्यांनिशी, मांडी घालून खाली बसले.

"ओ पाव्हणं!" कंडक्टर दारातून ओरडला. "रस्ता हाय का भजनाचा मंडप? उठा की!"

सर्जेराव उठले नाहीत. त्यांनी दोन्ही तळहात जमिनीवर पालथे टेकवले होते.

अंजिराबाईंचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता. त्यांनी तो खाली घेतला. कडेवरची मुलगी, जिचे नाव शालन होते, त्यांनी जमिनीवर उभी केली. "जा" असे त्यांनी म्हटले नाही. "ये" असे सर्जेरावांनीही म्हटले नाही. गाडीतील सारे उतारू खिडक्यांतून माना बाहेर काढून पाहू लागले.

शालन बापापाशी गेली आणि दोन हात अंतरावर थांबली. तिने नेहमीप्रमाणे दोन्ही हात वर केले. सर्जेरावांचे हात जमिनीवरून हलले नाहीत, परंतु ते मागेही सरले नाहीत. तिने हात खाली घेतले. तिला हे नवीन होते. ती त्यांच्याभोवती एक संपूर्ण फेरी मारून पुन्हा समोर आली. त्यांच्या गुडघ्यावर बोटाने टोचून पाहिले. मग तिला धुळीत एक वडाचे फळ सापडले आणि ती त्यातच रमली.

"बाई," कंडक्टर म्हणाला, "येताय का ऱ्हाताय? मला पुढं आठ गावं करायची हायती."

"थांबा जरा," अंजिराबाई म्हणाल्या. "पोरगी ठरवतीया."

"अंजिरा, गाडीत बस," गणपतराव म्हणाले.

"दादा, तू बस जा. जागा धर."

ते बिचारे खरोखरच जाऊन जागा धरून बसले. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. त्या निःशब्दतेत सर्जेरावांना आडोसा देण्यास कोणताही आवाज उरला नाही. सबंध गाडी आणि सबंध पार त्यांच्याकडे पाहत होता, आणि ज्या मनुष्याला चौदा महिने एका नजरेपुढेही टिकता येत नव्हते तो तेथे बसून राहिला. मी अनेक पदकधारी वीर पाहिले आहेत. त्या सकाळइतके शौर्य मी अन्यत्र पाहिलेले नाही.

शालनने फळ त्यांच्या मांडीवर आणून ठेवले. मग त्याच मांडीवर स्वतःचा एक पाय ठेवला. त्यांच्या सदऱ्याची पट्टी धरली, दुसरा पाय उचलला, घसरली, पुन्हा धरली. सर्जेरावांनी डोळे मिटून घेतले होते. ती पोटावरून खांद्याकडे चढली, त्यांचा कान पकडून वर सरकली आणि मानेवर स्वार झाली. तिचा सारा भार मानेवर आला तसे सर्जेरावांचे तोंड उघडले.

"जड हाय की गं," ते म्हणाले. "लई जड हाय."

आणि मग त्यांचा उजवा हात जमिनीवरून उठला व त्याने तिचा पाय घट्ट धरला.

अंजिराबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि मान गाडीकडे वळवली. "तुम्ही जावा आता, मास्तर," त्या कंडक्टरला म्हणाल्या.

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मी धावत मागच्या दाराने चढलो. सर्जेराव मुलीसह उठून बाजूस झाले, गाडी हलली, तसे गणपतराव खिडकीतून अर्धे बाहेर आले.

"अंजिरा! आगं, ट्रंक वर बांधलीया! तुझी समदी लुगडी त्यात हायती!"

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," अंजिराबाई चाकांच्या धुळीतून ओरडून म्हणाल्या. "पंचमीला येईन, तवा नेसाय हुतील!"